त्रिंबकजी डेंगळे : पंढरपूरचा खून आणि कधीच न चाललेला खटला

१/ इ.स. १८१५, आषाढ महिना, पंढरपूर. विठ्ठलाचे दर्शन घेऊन रात्री बिऱ्हाडी परतणाऱ्या एका विद्वान ब्राह्मणावर भररस्त्यात तलवारी चालल्या आणि तो जागीच गतप्राण झाला. मृताचे नाव गंगाधरशास्त्री पटवर्धन, बडोद्याच्या गायकवाडांचे वकील. त्यांना दर्शनाला बोलावणारा होता दुसऱ्या बाजीरावाचा लाडका कारभारी, त्रिंबकजी डेंगळे. पुढच्या तीन वर्षांत पेशवाई बुडाली.

२/ शालेय इतिहासात हे प्रकरण एका ओळीत संपते : ‘त्रिंबकजीने शास्त्र्यांचा खून करवला.’ आजच्या धाग्यात ही ओळ थोडी उलगडून पाहू. त्रिंबकजी कोण होता, त्याच्यावर संशय का आला, त्याला दोषी कोणी ठरवले आणि त्या दोषाचा उपयोग कोणी कसा केला? आपल्या सोलापूर जिल्ह्यात घडलेला हा खून मराठेशाहीच्या अखेरच्या पर्वाचे दार आहे.

३/ त्रिंबकजी मूळचा संगमनेरजवळच्या निमगाव जाळीचा, डेंगळे पाटलांच्या घरातला. पेशव्यांच्या पदरी तो लागला तो जासूद म्हणून, म्हणजे निरोप आणि बातम्या पोहोचवणारा चाकर. दरबारात त्याच्यामागे नाव नव्हते, नाते नव्हते आणि सरदारकीही नव्हती. हाताशी होती ती पायातली गती, जिभेवरचा ताबा आणि धन्याच्या मनातले ओळखण्याची विलक्षण हातोटी.

४/ ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराने पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि बाजीराव पुणे सोडून महाडकडे पळाला. त्या पळापळीत त्रिंबकजीने पुण्याचे पत्र धन्यापर्यंत पोहोचवले आणि थोडक्या काळात उत्तर परत नेऊन दिले, असे ग्रँट डफ सांगतो. सगळे सोडून जात असताना धावून आलेला हा माणूस बाजीराव पुढे विसरला नाही.

५/ इथे बाजीरावाची स्थिती लक्षात घ्या. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने तो पुन्हा गादीवर बसला, पण कंपनीच्या फौजेच्या बळावर. परराज्यांशी बोलणी करायची तर कंपनीला विचारून. गायकवाडांशी तंटा झाला तर मध्यस्थ कंपनीच. जुने सरदार दुरावलेले, स्वभाव संशयी. अशा राजाला जहागिरीचा मान मिरवणारा सरदार नको असतो. ज्याचे सारे अस्तित्व आपल्या मर्जीवर अवलंबून आहे, असा माणूस त्याला हवा असतो.

६/ त्रिंबकजी नेमका तसा होता. धन्याने आज्ञा केली तर आपण गायही मारू, असे त्याने इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनला सांगितल्याची नोंद ग्रँट डफने केली आहे. गोब्राह्मणप्रतिपालनाची भाषा बोलणाऱ्या दरबारात हे बोल किती भयंकर होते, हे वेगळे सांगायला नको. नोंद विरोधकाची आहे हे खरे. पण त्रिंबकजीच्या निष्ठेला सीमा नव्हती, ही त्या काळची सार्वत्रिक समजूत तिच्यातून दिसते.

७/ त्याच्या हाती सत्ता आली ती महसुलाच्या वाटेने. त्या काळी परगण्यांचा वसूल इजाऱ्याने दिला जाई. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला मामलत मिळे आणि तो ती रयतेकडून दामदुपटीने काढी. त्रिंबकजीने ही पद्धत निष्ठुरपणे राबवली. बाजीरावाचा खजिना भरला, गावे मात्र पिळून निघाली. त्याच्या बदनामीचा हा भाग खुनाच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही इंग्रजी अहवालाची गरज नाही.

८/ आता गुजरातकडे वळू. अहमदाबादच्या उत्पन्नात पेशवे आणि गायकवाड दोघांचा वाटा होता. पेशव्यांचा वाटा १८०४ मध्ये दहा वर्षांच्या इजाऱ्याने गायकवाडांना दिला होता. १८१४ मध्ये मुदत संपली. गायकवाडांना इजारा पुढे चालू ठेवायचा होता. बाजीरावाला तो परत हवा होता, आणि त्याचबरोबर गायकवाडांकडे तुंबलेली जुनी येणीही. त्याने अहमदाबादची सुभेदारी त्रिंबकजीलाच दिली.

९/ हा गुंता सोडवायला बडोद्याहून पुण्यास आले ते गंगाधरशास्त्री. त्यांच्या जीविताची हमी कंपनीने घेतली होती. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे राजकारण याच हमीवर उभे आहे. शास्त्री मूळचे पुण्याच्याच वर्तुळातले. फडक्यांच्या पदरी राहून ते बडोद्याला गेले आणि तेथील इंग्रज रेसिडेन्सीशी निकटचे संबंध जोडून मोठे झाले. पुण्याच्या दृष्टीने ते ‘आपले’ही होते आणि ‘त्यांचे’ही.

१०/ एल्फिन्स्टनने त्यांचे वर्णन मोठे मजेदार केले आहे. व्युत्पन्न शास्त्री, पण चालणे-बोलणे इंग्रजी थाटाचे. भरभर चालणार, समोरच्याचे बोलणे मध्येच तोडणार, पेशव्याला आणि त्याच्या कारभाऱ्यांना इंग्रजी शेलक्या शब्दांनी संबोधणार. असा मनुष्य शनिवारवाड्यात किती आवडता होणार, याची कल्पना करा.

११/ आणि तरीही बाजीरावाने त्यांना आपलेसे करण्याचा जोरदार प्रयत्न केला. आपल्या कारभारात येण्याचे निमंत्रण दिले. आपली मेहुणी शास्त्र्यांच्या मुलाला देऊ केली. नाशिकला लग्नाची तयारीही झाली. शास्त्र्यांनी येण्यांबाबत तडजोडीची बोलणी केली होती. पण बडोद्याहून तिला मान्यता येईना. तेव्हा ते बिचकले आणि लग्न मोडले. वाड्यातील वातावरण ठीक नाही म्हणून त्यांनी आपल्या पत्नीला तेथे जाऊ दिले नाही, असेही सांगितले जाते.

१२/ सोयरीक ठरवून मोडणे हा साध्या घरातही अपमान समजला जातो. इथे तर मुलीच्या बाजूने पेशवा होता. बाजीरावाने राग दाखवला नाही. तो आणि त्रिंबकजी पूर्वीसारखेच गोड बोलत राहिले आणि शास्त्र्यांना पंढरपूरच्या यात्रेला सोबत घेऊन गेले. एल्फिन्स्टन नाशिकपर्यंत बरोबर होता. तेथून तो वेरूळची लेणी पाहायला गेला. ज्याची हमी घेतली होती तो माणूस त्या काळात कंपनीच्या नजरेआड होता.

१३/ आषाढी वारीचे ते दिवस. घटनेच्या संध्याकाळी शास्त्र्यांना ताप होता. त्रिंबकजीकडून देवदर्शनाचे बोलावणे आले, त्यांनी प्रकृतीचे कारण सांगून नकार दिला. पुन्हा बोलावणे आले. अखेर मोजक्या निःशस्त्र सोबत्यांसह ते निघाले. दर्शन झाले, त्रिंबकजीशी बोलणे झाले. परतीच्या वाटेवर मागून काही माणसे धावत आली आणि पहिला वार पाठीमागून झाला. मारेकरी अंधारात नाहीसे झाले.

१४/ या खुनाने देश हादरला, त्याची कारणे एकाहून अधिक होती. मृत ब्राह्मण होता, तेव्हा ही ब्रह्महत्या. तो वकील होता, आणि वकिलाला हात लावू नये हा सर्व दरबारांचा संकेत. स्थळ तीर्थक्षेत्र होते आणि काळ वारीचा. बाजीराव स्वतः पंढरपुरात मुक्कामाला असताना, त्याच्याच पाहुण्याच्या बाबतीत हे घडले. राजकारणातल्या खुनांना सरावलेल्या माणसांनाही हे सहन होणे कठीण होते.

१५/ संशय त्रिंबकजीवर का गेला? आग्रहाची निमंत्रणे त्याची होती. खुनानंतर मारेकऱ्यांचा शोध घेण्यासाठी दरबाराने काहीही केले नाही. शास्त्र्यांचे सोबती न्याय मागत असताना त्यांना दाद मिळाली नाही. भर यात्रेत एवढा मोठा माणूस मारला जातो आणि सर्वशक्तिमान कारभारी स्वस्थ बसतो, हे वर्तन निर्दोष माणसाचे वाटत नाही. परिस्थितीजन्य पुरावा म्हणून हे सारे वजनदार आहे.

१६/ पण हेतू असलेली दुसरी मंडळीही होती. बडोद्यात शास्त्र्यांच्या उदयामुळे सीताराम रावजी या जुन्या कारभाऱ्याचे पद गेले होते. त्याच्या बाजूचा गोविंदराव बंधुजी आणि गायकवाड घराण्यातला भगवंतराव हे दोघेही पुणे दरबाराच्या आश्रयाला होते. शास्त्री मेले तर बडोद्यात त्यांचा मार्ग मोकळा होणार होता. एल्फिन्स्टनने या दोघांनाही कटात गोवले. म्हणजे त्याच्या मतेही हा एकट्या त्रिंबकजीचा उद्योग नव्हता. तरी लोकांच्या स्मरणात नाव राहिले ते एकाचेच.

१७/ वेरूळहून एल्फिन्स्टनने चक्रे फिरवली. बाजीरावाचे म्हणणे असे की, आधी पुरावा द्या, मग अटक करतो. एल्फिन्स्टनचे म्हणणे असे की, आधी अटक करा, कारण हा माणूस सत्तेवर असेपर्यंत कोणीही साक्ष देणार नाही. दोन्ही युक्तिवाद वाचताना एकदम बाजू घेऊ नका. पहिल्यात चालढकल होती हे उघड आहे, पण दुसऱ्यातही तथ्याबरोबर सोय होती.

१८/ सोय कोणती? त्रिंबकजी शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले यांच्याशी गुप्त संधान बांधण्याच्या उद्योगात होता. कंपनीच्या तहाचे जोखड झुगारण्याची उमेद बाजीरावाच्या मनात पेटती ठेवणारा तोच होता. तो दूर झाला तर इंग्रजांचा सर्वांत धोकादायक विरोधक पुण्यातून नाहीसा होणार होता. शास्त्र्यांच्या खुनाने ती संधी एल्फिन्स्टनच्या हाती दिली, आणि तीही नैतिक बळासह.

१९/ एल्फिन्स्टनने आणखी एक हुशारीची गोष्ट केली. त्याने सारा आरोप त्रिंबकजीवर ठेवला आणि बाजीरावाला त्यातून वगळले. सेवकाने धन्याच्या विश्वासाचा गैरवापर केला, अशी मांडणी केली. ‘गायही मारीन’ म्हणणारा चाकर एवढे मोठे कृत्य धन्याला न विचारता करील, हे खुद्द एल्फिन्स्टनला तरी कितपत पटले असेल? पण पेशव्यावर आरोप म्हणजे थेट युद्ध. चाकरावर आरोप म्हणजे पेशव्याला शरण येण्याची एक वाट ठेवणे.

२०/ बाजीरावाने ती वाट धरली. आधी त्याने त्रिंबकजीला कराडजवळच्या वसंतगडावर नजरकैदेत ठेवले; मग दडपण वाढल्यावर सप्टेंबर १८१५ मध्ये इंग्रजांच्या हवाली केले. त्याची रवानगी ठाण्याच्या किल्ल्यात झाली. या साऱ्यात एक गोष्ट कुठेच झाली नाही, ती म्हणजे खटला. साक्षीदारांची उलटतपासणी नाही, आरोपीचा जबाब ऐकणारे न्यायासन नाही. फिर्यादी, तपासनीस आणि निकाल देणारा, तिन्ही भूमिका एकाच रेसिडेन्सीकडे होत्या.

२१/ ठाण्यात पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा ठेवला होता, म्हणजे कोणी एतद्देशीय फितूर होणार नाही. तीच खबरदारी अंगाशी आली. एका अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करताना गाणी म्हणत असे, आणि त्या गाण्यांतून सुटकेचा बेत आत पोहोचे. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री भिंतीच्या भगदाडातून त्रिंबकजी निसटला. बिशप हेबरने आपल्या प्रवासवृत्तात ही हकीकत दिली, त्यामुळे ती विलायतेतही गाजली.

२२/ सुटल्यावर त्याने भिल्ल, रामोशी, मांग अशा लढवय्या लोकांना जमवायला सुरुवात केली. त्यांच्या हालचालींच्या बातम्या शंभू महादेवाच्या डोंगररांगांतून, आपल्याच जिल्ह्यातल्या नातेपुते परिसरातून येऊ लागल्या. बाजीराव ‘मला काही ठाऊक नाही’ म्हणत राहिला. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने पुण्याभोवती फौज उभी केली आणि दोन मागण्या ठेवल्या : महिनाभरात त्रिंबकजीला हवाली करा, आणि तोवर सिंहगड, पुरंदर व रायगड तारण म्हणून द्या.

२३/ यातूनच १३ जून १८१७ चा पुण्याचा तह झाला. त्याचे पहिलेच कलम त्रिंबकजीविषयी आहे. त्यात खुनाचा दोष त्याच्यावर ठेवला आहे, त्याला पकडून देण्याचे बंधन पेशव्यावर घातले आहे आणि तो सापडेपर्यंत त्याचे कुटुंब इंग्रजांकडे ओलीस राहील असे म्हटले आहे. वेढा घालून घेतलेली सही हाच त्याच्या गुन्ह्याचा ‘अधिकृत’ निकाल. न्यायाच्या नावाने सुरू झालेल्या प्रकरणात एका माणसाच्या बायकामुलांना ओलीस ठेवले गेले, हेही विसरू नये.

२४/ उरलेली कलमे वाचली की हिशेब कळतो. मराठामंडळाच्या प्रमुखपदावर पेशव्याने पाणी सोडले. गायकवाडांवरचे जुने सारे हक्क वर्षाला ४ लाख रुपयांवर मिटवले. अहमदाबादचा इजारा पुन्हा गायकवाडांकडे गेला. शिवाय ३४ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यावा लागला. ज्या वाटाघाटींसाठी शास्त्री पुण्याला आले होते, त्यांचा निकाल त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी लागला, आणि मोठा वाटा तिसऱ्यालाच मिळाला.

२५/ पुढचा क्रम तुम्हाला परिचित आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकी. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव. तेथे पेशव्यांच्या बाजूने हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्यांत त्रिंबकजी होता. २० फेब्रुवारीला आष्टी; पंढरपूरपासून फार दूर नसलेल्या या गावी बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मे महिन्यात मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला. पंढरपूरच्या रस्त्यावर सुरू झालेली गोष्ट जणू फिरून याच जिल्ह्यात आली.

२६/ आता दोन शेवट शेजारी ठेवून पाहा. ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला वर्षाला ८ लाख रुपयांचे पेन्शन आणि बिठूरचा मुक्काम मिळाला. तेथे तो १८५१ पर्यंत जगला. त्याच महिन्याच्या अखेरीस कॅप्टन स्वॉन्स्टनने नाशिककडील अहिरगावात त्रिंबकजीला पकडले. त्याला गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात पाठवले. हेबर १८२४ मध्ये तेथे गेला तेव्हाही तो कैदेतच होता. १८२९ मध्ये त्याच कैदेत तो मेला.

२७/ मग त्रिंबकजी दोषी होता का? उपलब्ध परिस्थिती पाहता त्याचा हात असण्याची शक्यता मला बरीच मोठी वाटते. पण त्याचबरोबर तीन गोष्टी मान्य कराव्या लागतात. त्याला कोणत्याही न्यायासनाने दोषी ठरवले नाही. त्याच्याविरुद्धची कथा मुख्यतः त्याच्या पाडावातून लाभ झालेल्यांनी लिहिली; ग्रँट डफ हा एल्फिन्स्टनच्याच हाताखालचा अधिकारी होता. आणि खून धन्याच्या इच्छेने झाला असेल, तर शिक्षा चाकराने भोगली आणि पेन्शन धन्याने.

२८/ अलीकडे त्रिंबकजीला इंग्रजांशी झुंजणारा वीर म्हणून रंगवण्याचा मोह दिसतो. त्याचा इंग्रजविरोध खरा होता, ठाण्याची सुटका धाडसाची होती. पण म्हणून इजाऱ्याखाली पिळलेली रयत आणि तापाने फणफणलेला, निःशस्त्र, दर्शन घेऊन परतणारा माणूस इतिहासातून पुसता येत नाही. शास्त्री इंग्रजधार्जिणे होते, हे त्यांच्या खुनाचे समर्थन होऊ शकत नाही. त्याचप्रमाणे त्रिंबकजी कारस्थानी होता, हे खटल्यावाचून तुरुंगवासाचे समर्थन होऊ शकत नाही.

२९/ एखाद्या बदनाम व्यक्तीविषयी वाचताना तीन प्रश्न वेगळे ठेवण्याची सवय लावून घ्या. संशय कशावरून आला? पुरावा कोणी गोळा केला? निकाल कोणी, कोणत्या अधिकाराने दिला? त्रिंबकजीच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर भक्कम आहे, दुसऱ्याचे अडचणीचे आहे, आणि तिसऱ्याचे उत्तर म्हणजे पुण्याभोवती उभी असलेली फौज. शालेय पुस्तकातल्या त्या एका ओळीत ही तिन्ही उत्तरे एकमेकांत मिसळली आहेत.

३०/ पंढरपूरला गेलात तर देवळातून बाहेर पडताना गर्दीत क्षणभर गंगाधरशास्त्र्यांची आठवण ठेवा. वकिलाच्या जिवाची हमी मोडली की राज्येही मोडतात, हे त्या रस्त्याने पाहिले आहे. धागा इथे संपतो. शंका, दुरुस्त्या, वेगळी मते खाली जरूर लिहा. चर्चा मात्र पुराव्याला धरून करू या.